बोली लावण्याआधी तीन भाव लिहा

आपल्या जिल्ह्यातील माणसाला लिलाव नवा नाही. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, कुठल्याही बाजार समितीत कापसाच्या हंगामात जाऊन पाहा. व्यापारी गाडीजवळ येतो, ढिगातून मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून पाहतो, ओल तपासतो आणि मगच तोंडातून आकडा काढतो. गुरांच्या बाजारातही हाच रिवाज आहे. बैलाचे दात पाहिल्याशिवाय, त्याला चार पावले चालवून पाहिल्याशिवाय कोणी सौदा करीत नाही. आणि सौदा करण्यापूर्वी शेजारच्या दावणीला तशाच जोडीचा भाव काय चालला आहे, हे विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

पण हाच माणूस मोबाईलवर लिलाव सुरू झाला की वेगळा वागू लागतो. बैलाचे दात पाहून घेणारा केवळ फोटो पाहून टेम्पो घेतो! नव्या गाडीचा आजचा भाव काय, तशीच जुनी गाडी नागपुरात कितीला मिळते, हे विचारायला त्याला सवड नसते. घड्याळाचे काटे पुढे सरकत असतात आणि समोरचा कोणी अनोळखी इसम पाच-पाच हजारांनी बोली वाढवीत असतो. या लेखाचा विषय हीच घाई आहे.

ऑनलाइन लिलाव आता केवळ मोठ्या शेठ लोकांचा खेळ राहिलेला नाही. एस.टी. महामंडळाच्या निकामी गाड्या, वणी परिसरातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतील भंगार, रेल्वेचे जुने लोखंड, बँकांनी जप्त केलेली यंत्रे, दुकाने आणि गाळे, फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेले ऑटो व मालवाहू टेम्पो हे सारे आज संगणकावरील बोलीने विकले जाते. १९६४ साली स्थापन झालेली ‘एमएसटीसी’ ही सरकारी कंपनी असे लिलाव चालविते. रेल्वेची स्वतःची व्यवस्था आहे. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी जानेवारी २०२५ मध्ये ‘बँकनेट’ हे संकेतस्थळ सुरू झाले. म्हणजे आर्णीचा फॅब्रिकेशनवाला, उमरखेडचा भंगार व्यापारी, दिग्रसचा शिलाई कारखानदार किंवा पांढरकवड्याचा गॅरेजवाला, कोणीही घरबसल्या बोली लावू शकतो. सोय खरोखरच मोठी आहे. पूर्वी अशा लिलावात पाच-सहा ठराविक ठेकेदारच असत आणि लहान माणसाला दारातही उभे करीत नसत. ते दार उघडले याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु दार उघडले म्हणून डोळे मिटून आत शिरावे असे नाही.

जिंकलेला माणूसच हरतो तेव्हा

काही महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका गॅरेजवाल्या भाईंकडे बसलो होतो. त्यांनी लिलावात एक जुना टेम्पो घेतला होता. लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत कोणी नवी बोली लावली की वेळ आपोआप वाढते. त्यांच्या लिलावात ती चार-पाच वेळा वाढली. “समोरचा सोडेना, मग मी पण सोडले नाही,” असे ते सांगत होते. टेम्पो त्यांना मिळाला. पण बॅटरी नव्हती, दोन टायर बाद होते, थकलेला कर आणि चालान निघाले, आणि गाडी रस्त्यावर यायला दोन महिने गेले. सगळी बेरीज केली तेव्हा तितक्याच वर्षांची चालू गाडी यवतमाळातच त्याहून कमी पैशांत मिळाली असती असे दिसले. मी विचारले, “बोली लावण्यापूर्वी बाजारात भाव विचारला होता का?” ते म्हणाले, “लिलाव म्हणजे स्वस्तच असणार, असे वाटले.”

‘लिलाव म्हणजे स्वस्त’ ही समजूतच मुळात तपासून पाहिली पाहिजे. लिलाव विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. त्याचा हेतू सर्वांत जास्त भाव देणारा गिऱ्हाईक शोधणे हा आहे. दहा जणांनी एकाच वस्तूची किंमत अंदाजाने ठरविली, तर काहींचा अंदाज कमी असतो, काहींचा बरोबर असतो आणि एकाचा सर्वांत जास्त असतो. वस्तू मिळते ती त्या सर्वांत जास्त अंदाज करणाऱ्यालाच. १९७१ साली अमेरिकेतील तीन तेल-अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून हेच दाखवून दिले होते. ज्या कंपन्या लिलाव जिंकत होत्या, त्यांनाच अपेक्षित नफा मिळत नव्हता. याला तिकडे ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. मोठमोठ्या तेल कंपन्यांची ही गत, तर आपली काय कथा?

दुसरे उदाहरण तर थेट आपल्या विषयाचे आहे. ‘ईबे’ या अमेरिकी लिलाव संकेतस्थळावर २००४ साली एका खेळाच्या संचाचे जे लिलाव झाले, ते ली आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच संकेतस्थळावर, त्याच वेळी, तोच संच ठरलेल्या किमतीला थेट विकत मिळत होता. तरीसुद्धा ४२ टक्के लिलावांत लोकांनी त्या ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजले! पाठवणीचा खर्च धरला तर हे प्रमाण आणखी वाढते. नजर जरा बाजूला वळविली असती तर स्वस्त माल दिसला असता, पण बोलीत गुंतलेल्या माणसाची नजर बाजूला वळत नाही.

आपल्याकडेही हा प्रयोग होऊन गेला आहे. २००० साली मुंबईत ‘बाझी’ नावाचे लिलाव संकेतस्थळ सुरू झाले. २००४ साली ते ‘ईबे’ने विकत घेतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ईबे इंडिया’ बंद झाले. त्या काळात बोली लागत असे ती मोबाईल, कॅमेरा, नाणी, तिकिटे अशा वस्तूंवर. चूक झाली तर हजार-दोन हजारांचे नुकसान होई. आज कारागीर बोली लावतो ती आपल्या धंद्याच्या यंत्रावर, गाडीवर, गाळ्यावर. त्यात त्याचे भांडवल असते, कधी बायकोचे दागिने असतात, कधी भावाकडून घेतलेले उसने पैसे असतात. इथली चूक घर हलविते.

पहिला भाव : नव्याचा, आणि तोही आजचा

माझे म्हणणे साधे आहे. बोली लावण्यापूर्वी वहीत तीन भाव लिहावेत. पहिला भाव नव्या वस्तूचा. पण तो मागच्या वर्षी ऐकलेला नको, आज दुकानदाराकडून लेखी घेतलेला, करासह असावा.

‘आजचा’ या शब्दावर मी जोर देतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. मालवाहू गाड्या, तीनचाकी आणि ३५० सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकली यांवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. ट्रॅक्टर आणि शिलाई यंत्रे यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. याचा अर्थ काय? समजा, एका नव्या मालवाहू गाडीची करापूर्वीची किंमत ५ लाख रुपये आहे. पूर्वी ती ६ लाख ४० हजारांना पडत होती, आता ५ लाख ९० हजारांना पडते. नवी गाडी ५० हजारांनी उतरली, तर तशीच जुनी गाडीही उतरायला हवी. परंतु अनेकांच्या डोक्यात अजून जुनाच भाव बसलेला असतो आणि त्याच भावाच्या हिशेबाने ते बोली वाढवितात.

नव्याचा भाव लिहिताना त्यातून मिळणाऱ्या सवलतीही वजा कराव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. नव्या वस्तूबरोबर वॉरंटी असते, पक्के बिल असते, सुटे भाग मिळण्याची खात्री असते. लिलावातील मालाला वॉरंटी किंवा सुट्या भागांची खात्री सहसा नसते. तो माल ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकला जातो. या चार शब्दांचा अर्थ असा की, नंतर काहीही निघाले तरी तक्रार ऐकली जाणार नाही.

दुसरा भाव : चालू स्थितीतील जुन्याचा

दुसरा भाव सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच कोणी लिहीत नाही. तसेच यंत्र, तेवढ्याच वर्षांचे, चालवून दाखविलेले, आपल्या दुकानात आणून ठेवेपर्यंत कितीला पडेल? यासाठी किमान तीन ठिकाणी विचारावे. यवतमाळात विचारावे, अमरावतीला विचारावे आणि नागपूरला विचारावे. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, पण फोन तर तिथपर्यंत लगेच पोहोचतो. विकणारा सांगतो तो भाव आणि सौदा ज्या भावाने तुटतो तो भाव, यांत अंतर असते. म्हणून ज्याने नुकतेच असे यंत्र घेतले आहे, त्याला विचारणे अधिक चांगले.

लिलावाची ‘राखीव किंमत’ म्हणजे बाजारभाव, अशीही एक गैरसमजूत आहे. राखीव किंमत म्हणजे त्याखाली विकायचे नाही अशी विकणाऱ्याने आपल्यासाठी घातलेली मर्यादा. ती बाजारापेक्षा कमीही असू शकते, जास्तही असू शकते. एखाद्या मालमत्तेचा लिलाव दोन-तीनदा होऊनही गिऱ्हाईक मिळत नाही, त्याचे कारण बहुधा तेच असते.

तिसरा भाव : लिलावाचा, पण यंत्र सुरू होईपर्यंतचा

तिसरा भाव म्हणजे लिलावातील वस्तू आपल्या दुकानात सुरू होऊन पहिले काम देईपर्यंत एकूण किती खर्च होईल तो आकडा. हिशेब करून दाखवितो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका भाईंना लेथ मशीन हवे आहे. नवे मशीन ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५४,००० रुपये. तसेच जुने, चालू मशीन व्यापारी १,९०,००० रुपयांत दुकानात आणून देतो. लिलावात राखीव किंमत १ लाख आहे. भाईंनी चढाओढीत १,४५,००० रुपयांना ते जिंकले आणि ४५ हजार वाचले म्हणून मिठाई वाटली. आता पुढे पाहा. बोलीवर १८ टक्के कर २६,१०० रुपये. माल पाहायला व उचलायला दोन फेऱ्या ४,००० रुपये. क्रेन आणि हमाली ७,००० रुपये. ट्रकभाडे १२,००० रुपये. मोटर भरून घेणे, बेअरिंग, चकची दुरुस्ती मिळून २८,००० रुपये. पाया आणि वायरिंग ५,००० रुपये. एकूण झाले २,२७,१०० रुपये. म्हणजे व्यापाऱ्याकडच्या चालू मशीनपेक्षा ३७,१०० रुपये जास्त! ज्याची जीएसटीची नियमित नोंदणी आहे त्याला कराची वजावट मिळू शकते. तरीही आकडा २,०१,००० रुपये राहतो. आणि आपल्यातील बहुसंख्य लहान कारागिरांची अशी नोंदणीच नसते. त्यांच्यासाठी कर हा सरळ खर्च आहे.

हाच हिशेब उलटा केला असता तर? चालू जुन्याचा भाव १,९०,००० रुपये. वॉरंटी नाही, चालवून पाहिलेले नाही, या जोखमीबद्दल निदान दहा टक्के, म्हणजे १९,००० रुपये वजा करा. आणण्या-दुरुस्तीचे ५६,००० रुपये वजा करा. उरले १,१५,००० रुपये. यातच कर बसवायचा आहे, म्हणून त्याला १.१८ ने भागा. येतात सुमारे ९७,४५० रुपये. ही झाली भाईंची कमाल बोली. राखीव किंमतच १ लाख आहे, तेव्हा या लिलावात उतरायचेच नव्हते. पाच मिनिटांचा हिशेब, आणि ३७ हजार रुपये वाचले असते.

माझ्या मते आणखी एक खूणगाठ बांधून ठेवावी. लिलावातील वस्तूचा एकूण खर्च नव्याच्या दोन-तृतीयांशाजवळ पोहोचला, तर जुन्याचा नाद सोडावा आणि नवेच पाहावे.

कागद आणि अनामत

गाडीच्या बाबतीत कागदपत्रे हा किमतीचाच भाग आहे. कर्जाचा बोजा उतरला आहे का, कर आणि चालान थकले आहे का, विमा व फिटनेस आहे का, हे बोलीआधी पाहावे. आठ वर्षांपुढील व्यावसायिक गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. तो खर्च धरावा. सरकारी जाहीर लिलावात घेतलेली गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरून आरटीओकडे नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी व महामंडळांच्या गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या भंगारातच काढाव्या लागतात. अशी गाडी ‘रंगरंगोटी करून चालवू’ म्हणून कोणी घेणार असेल तर त्याने वेळीच थांबावे.

बँकेच्या गाळ्यावर किंवा दुकानावर बोली लावणाऱ्याने पैशांची तयारी आधी ठेवावी. सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार बोली जिंकणाऱ्याला त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते. तीत आधी भरलेली अनामत धरली जाते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून साधारणपणे १५ दिवसांत द्यावी लागते. न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होते. ‘जिंकल्यावर पाहू, कोणाकडून तरी घेऊ’ हा विचार इथे चालत नाही. अनामत भरताना संकेतस्थळ खरे आहे याची खात्री करावी आणि कोणा मध्यस्थाच्या खासगी खात्यात एक रुपयाही पाठवू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

चोख बोलीची शिकवण

लिलाव आपल्या दीनमध्ये वर्ज्य नाही. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग नोंदविलेला आहे. मदतीसाठी आलेल्या एका गरजू अन्सारी इसमाच्या घरातील अंथरायचे कापड आणि पाणी प्यायचे भांडे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः बोली करून दोन दिरहमांना विकले. एका दिरहमाचे घरी अन्न न्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. तो माणूस लाकडे तोडून विकू लागला आणि पंधरा दिवसांत दहा दिरहम कमावून आला. लिलावाचा पैसा अवजारात गेला आणि अवजाराने घर उभे केले. कारागिराने याहून चांगला धडा कुठे शोधावा?

त्याच शिकवणीत ‘नज्श’ला मनाई आहे. घ्यायचे नसताना केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावणे म्हणजे नज्श. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार विकणाऱ्याने खोट्या बोलीने भाव चढविला असेल तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. पण मोबाईलच्या पडद्याआड कोण खरा आणि कोण खोटा, हे सिद्ध करणे लहान माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून आपले खरे संरक्षण आपल्या वहीतील आकडा हेच आहे. समोरचा खरा असो वा खोटा, आपल्या आकड्यापुढे आपण जायचेच नाही.

मग लिलावात जायचेच नाही काय?

असे मुळीच नाही. ज्याला स्वतः दुरुस्ती येते, त्याच्यासाठी लिलाव खरोखर फायद्याचा आहे. मोटर भरणारा कारागीर बंद मोटर घेतो तेव्हा इतरांचा जो खर्च, ती त्याची मजुरी असते. वजनाने भंगार घेणाऱ्याला आजचा लोखंडाचा भाव तोंडपाठ असतो, तो सहसा फसत नाही. या लोकांचे यश कशात आहे? त्यांना दुसरा आणि तिसरा भाव आधीच ठाऊक असतो. जो आपल्या हुनराबाहेरच्या वस्तूवर बोली लावतो, तोच सापडतो.

यावर एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गावातील आपल्या व्यापारी-कारागीर बंधूंनी मिळून एक ‘भाववही’ ठेवावी. कोणी यंत्र, गाडी वा गाळा घेतला की काय घेतले, नव्याचा भाव काय होता, जुन्याचा काय होता, लिलावात कितीला मिळाले आणि सुरू होईपर्यंत एकूण किती लागले, एवढे पाच आकडे तीत लिहावेत. नुकसान झाले असेल तर तेही लाज न बाळगता लिहावे. एकाची ठोकर दुसऱ्याची वाट दाखविते. लिलावापूर्वी माल पाहण्याचा दिवस दिलेला असतो, त्या दिवशी जाणकार मिस्त्रीला सोबत न्यावे आणि त्याची मजुरी द्यावी.

मात्र भावाची माहिती वाटून घेणे वेगळे आणि बोली वाटून घेणे वेगळे. ‘या वेळी तू घे, पुढच्या वेळी मी’ असे आपसांत ठरविणे स्पर्धा कायदा २००२ नुसार बेकायदा आहे आणि विकणाऱ्याचा हक्क मारणे म्हणून ते आपल्याला शोभणारेही नाही. ज्याची वस्तू जप्त होऊन लिलावात येते, तोही कोणी अडचणीत आलेला कारागीरच असतो. त्याच्या वस्तूला रास्त भाव आला तर त्याचे कर्ज तेवढे फिटते, हेही विसरू नये.

बंधूंनो, धंद्यात बरकत खरेदीपासूनच सुरू होते. बाजारात उभे राहून चार जणांना भाव विचारण्यात आपल्या वडीलधाऱ्यांना कधी कमीपणा वाटला नाही. हातात मोबाईल आला म्हणून ती सवय आपण का सोडावी? पुढच्या वेळी लिलावाची जाहिरात दिसली की आधी वही उघडा, तीन भाव लिहा, आपली कमाल बोली काढा आणि तिच्याखाली रेघ ओढा. समोरचा त्या रेघेपलीकडे गेला तर जाऊ द्या. यंत्रे पुन्हा येतील, लिलाव पुन्हा होतील. गेलेले भांडवल मात्र सहजासहजी परत येत नाही.